पडलेल्या सागाचा धनी कोण? अभयारण्यातील वृक्षतोडीच्या कायद्याचा इतिहास

१/ वळवाच्या वाऱ्यात पैनगंगा अभयारण्यातील एक जुना साग मुळासकट उन्मळून पडला, असे क्षणभर गृहीत धरू. कोणी कुऱ्हाड चालवलेली नाही, झाड आपोआप मेले आहे. शेजारच्या गावात चुलीला सरपण हवे आहे. शासनाच्या लाकूड आगारात त्या सागाला उत्तम भाव येईल. मग ते लाकूड उचलायचे कोणी? गावकऱ्याने उचलून विकले तर गुन्हा, हे आपल्याला ठाऊक असते. परंतु वनखात्यालाही ते उचलून विकता येत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. या उत्तरापर्यंत पोहोचायला आपल्या कायद्याला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. आजचा धागा त्या प्रवासाचा आहे.

२/ हा विषय मुरुडमधून का लिहावा, असे कोणी विचारील. लातूर हा राज्यातील सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. आमच्याकडे काळी जमीन आहे, सोयाबीन आणि तूर आहे, बांधावरची बाभूळ आणि लिंब आहे, जंगल नाही. तरीही मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या वाड्यांत सागवानी खांब आणि तुळया दिसतात. तो साग या मातीत वाढलेला नव्हता. तो दूरच्या कोणत्या तरी डोंगरातून, कोणाच्या तरी परवान्याने किंवा परवान्यावाचून आलेला होता. ज्यांच्याकडे जंगल नसते, त्यांच्याही घराच्या छपरात जंगलाचा इतिहास असतो.

३/ आरंभी शब्दांचा घोळ दूर करू. कायद्यात ‘राखीव वन’ आणि ‘संरक्षित वन’ हे दोन वर्ग आहेत. राखीव वनात जे स्पष्टपणे परवानगी देऊन मोकळे केलेले नाही, ते सारे मना. संरक्षित वनात जे स्पष्टपणे मना केलेले नाही, ते सारे मोकळे. म्हणजे नावात संरक्षण असूनही ‘संरक्षित वन’ हा तुलनेने सैल वर्ग होय. ‘अभयारण्य’ आणि ‘राष्ट्रीय उद्यान’ या संज्ञा निराळ्या कायद्यातून, पुष्कळ नंतर आल्या. महाराष्ट्रात ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली अशी सहा राष्ट्रीय उद्याने आहेत. मराठवाड्यात एकही नाही. आपल्याकडे अभयारण्ये आहेत.

४/ वृक्षतोडीवर राज्यसत्तेने विचार केल्याचा प्रसिद्ध मराठी पुरावा म्हणजे रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावाने ओळखले जाणारे, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील ‘आज्ञापत्र’. आरमारासाठी लाकूड हवे, ते हुजुरांच्या परवानगीने तोडावे. आंबा, फणस यांना मात्र हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्याचा आशय. अगदी जीर्ण झालेले झाड हवे असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे. येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. झाडाला धनी आहे आणि तो धनी रयत आहे.

५/ कंपनी सरकारच्या काळात हा धनी बदलू लागला. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेल्या जहाजांची कीर्ती मलबारच्या आणि कोकणच्या सागावर उभी होती. १८१७ मध्ये मुंबईत सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. साग दोनशे वर्षे टिकला, पण तो जेथून आला ते डोंगर तितके टिकले नाहीत. किनाऱ्यालगतचा साग विरळ होऊ लागला, तेव्हा मुंबई सरकारने १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना वनसंरक्षक नेमले.

६/ पुढे रेल्वे आली. रुळांखालच्या स्लीपरांसाठी लाकडाची भूक अफाट होती. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय वनखाते उभे राहिले. १८६५ मध्ये पहिला वन अधिनियम, १८७८ मध्ये अधिक कडक दुसरा आणि १९२७ मध्ये आजही अंमलात असलेला भारतीय वन अधिनियम. राखीव वन घोषित करताना सरकार जाहीरनामा काढी आणि हक्क सांगणाऱ्यांना किमान तीन महिन्यांची मुदत देई. ज्याला वाचता येत नाही आणि ज्याचा हक्क कागदावर कधी नव्हताच, त्याने तीन महिन्यांत लेखी दावा कसा मांडावा? बहुतेकांनी मांडला नाही. हक्क मावळले.

७/ १९२७ च्या अधिनियमातील दोन कलमे मुद्दाम पाहण्यासारखी आहेत. कलम ५२ नुसार वनगुन्ह्याचा संशय आल्यास लाकडाबरोबर हत्यारे, होड्या, गाड्या आणि गुरेसुद्धा जप्त करता येतात. शेतकऱ्याची बैलजोडी जप्त होणे म्हणजे त्याची पेरणी बुडणे. कलम ६९ नुसार एखादा वनोपज सरकारचा आहे की नाही असा वाद निर्माण झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो सरकारचाच मानला जातो. ‘आज्ञापत्रा’त झाडाचा धनी रयत होती, येथे धनी सरकार आहे आणि पुरावा देण्याची जबाबदारी रयतेवर आहे.

८/ एक मोठा गैरसमज येथेच दूर व्हावा. या कायद्यांनी वृक्षतोड थांबवली नाही. तिचा मक्ता कोणाकडे, एवढेच ठरवले. वनखाते ‘कार्य आयोजना’ तयार करी, जंगलाचे ‘कूप’ पाडी, तोडायच्या झाडांवर हातोड्याचा ठसा उमटवी आणि लिलाव करी. ठसा असलेले झाड तोडणे म्हणजे महसूल. ठसा नसलेले तोडणे म्हणजे गुन्हा. मूळ १९२७ च्या पाठात राखीव वनातील गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड होता. त्या काळी मोळीविक्या बाईला पाचशे रुपये म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनीच करावी.

९/ याविरुद्ध आवाज लवकर उठला. महात्मा फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वनखात्याने डोंगर आणि गायराने घशात घातल्याने शेतकऱ्याच्या शेळ्यामेंढ्यांना चरायला जागा उरली नाही, अशी कडक टीका केली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. जंगलाचा प्रश्न हा शेतीचाच प्रश्न आहे, हे फुल्यांनी तेव्हा ओळखले होते.

१०/ १९३० मध्ये हा असंतोष स्वातंत्र्यलढ्याला येऊन मिळाला. समुद्र नसलेल्या वऱ्हाडात मीठ कसे उचलणार? म्हणून तेथे जंगलाचा कायदा मोडायचे ठरले. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि माणसे मारली गेली. कापलेल्या गवताची किंमत काही आण्यांची असेल. प्रश्न गवताचा नव्हता, ते कापण्याचा अधिकार कोणाचा, याचा होता.

११/ आता पैनगंगा ओलांडू. नदीच्या उत्तरेला पुसद, म्हणजे ब्रिटिश अंमलाखालील वऱ्हाड. दक्षिणेला हैदराबाद संस्थान. एकाच जंगलाच्या दोन काठांवर दोन सरकारे, दोन कायदे, इतकेच काय दोन सनावळ्यासुद्धा! निजामी कारभार फसली सनावर चाले. त्यामुळे तेथील वन अधिनियम इतिहासात ‘१३५५ फसली’चा म्हणून ओळखला जातो. फसली आकड्यात ५९० मिळवा म्हणजे इसवी सन मिळतो: १९४५. त्याचा साचा मात्र ब्रिटिश कायद्याहून फारसा वेगळा नव्हता. राखीव हद्द, परवाना, जप्ती, दंड हे सारे त्यात होते.

१२/ या दक्षिण काठाचा इतिहास अधिक रक्तरंजित आहे. आजचा किनवट परिसर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. गोंड आणि कोलाम लोक तेथे जंगल साफ करून शेती करीत. राखीव वनाची हद्द आखली गेली, तशी त्यांची शेती एका रेघेसरशी अतिक्रमण ठरली. आसिफाबाद भागात कोमराम भीम यांनी बंड उभारले. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात ते निजामाच्या पोलिसांच्या गोळीला बळी पडले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना या लोकांच्या स्थितीचा अभ्यास करण्यास सांगितले आणि काहींना जमिनीचे पट्टे मिळाले. बंदूक आधी आली, अभ्यास नंतर.

१३/ मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामात तर झाड तोडणे हेच लढ्याचे हत्यार झाले. १९४७ मध्ये सत्याग्रहींनी ठिकठिकाणी शिंदीची झाडे तोडली, कारण शिंदीवरच्या अबकारीतून निजामाच्या तिजोरीत मोठी भर पडत असे. झाडावर घाव घातला तो महसुलावर बसावा, हा हेतू. वृक्षप्रेमी वाचकांना हे खटकेल. परंतु ज्या काळात झाड म्हणजे सरकारी उत्पन्नाची एक नोंद होती, त्या काळात कुऱ्हाडीचा अर्थही वेगळा होता, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवले पाहिजे.

१४/ १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि किनवट नांदेड जिल्ह्याला जोडले गेले. राजुराही आधी नांदेडात आले आणि १९५९ मध्ये चंद्रपूरला गेले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९२७ चा अधिनियम सर्व विभागांना सारखा लागू झाला. १९६४ मध्ये राज्याने वृक्षतोड विनियमन कायदा केला. त्यानुसार साग, चंदन, हिरडा, मोह, चिंच, आंबा, खैर, जांभूळ यांसारखी अनुसूचित झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. बांधावरचा आंबा तोडण्यापूर्वी अर्ज का करावा लागतो, त्याचे मूळ या कायद्यात आहे.

१५/ आता ‘उद्यान’ ही कल्पना कोठून आली ते पाहू. १ मार्च १८७२ रोजी अमेरिकेत यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. त्याच्या कायद्यातच तेथील वृक्ष, खनिजे आणि निसर्गचमत्कार यांना इजा होऊ न देण्याचे बंधन होते. कल्पना क्रांतिकारक होती: जंगल तोडण्यासाठी राखायचे नाही, पाहण्यासाठी राखायचे. तिची काळी बाजूही होती. पिढ्यानपिढ्या तेथे वावरणाऱ्या मूळ अमेरिकी जमातींना त्या चित्रात जागा नव्हती. भारतात संयुक्त प्रांताने १९३५ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि १९३६ मध्ये हेली राष्ट्रीय उद्यान झाले. तेच आजचे कॉर्बेट.

१६/ आपल्याकडे मुंबई राज्याने १९५० मध्ये राष्ट्रीय उद्यान अधिनियम केला आणि बोरिवलीजवळच्या कृष्णगिरी उपवनाला त्याचा आधार मिळाला. आजचे सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान त्यातूनच विस्तारत गेले. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. गंमत अशी की तेव्हा चंद्रपूर मध्य प्रदेशात होते. म्हणजे महाराष्ट्राचे सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान महाराष्ट्र जन्माला येण्यापूर्वी, दुसऱ्याच राज्याने घोषित केलेले आहे!

१७/ खरे वळण १९७२ चे. वने आणि वन्यप्राणी तेव्हा राज्यांचे विषय होते, म्हणून काही राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्यावर संसदेने वन्यजीव संरक्षण अधिनियम मंजूर केला. या कायद्यातील ‘वन्यजीव’ या शब्दाची व्याख्या वाचली नसेल तर अवश्य वाचा. अधिवासाचा भाग असलेली जमिनीवरची आणि पाण्यातली वनस्पतीही तीत येते. म्हणजे अभयारण्यातला साग हा कायद्याच्या दृष्टीने वाघ-बिबट्यांच्या पंक्तीतला ‘वन्यजीव’ आहे. वन अधिनियमात तो ‘उपज’ होता. येथे तो ‘जीव’ झाला. एका शब्दाने शंभर वर्षांची दृष्टी बदलली.

१८/ कलम २९ अभयारण्यासाठी आणि कलम ३५ राष्ट्रीय उद्यानासाठी. दोन्हींचे सार असे: मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्यावाचून काहीही नष्ट करायचे, काढायचे वा हलवायचे नाही, आणि वन्यजीवांच्या भल्यासाठी व उत्तम व्यवस्थापनासाठी ते आवश्यक आहे अशी राज्य शासनाची खात्री पटल्यावाचून परवाना द्यायचा नाही. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यासही मनाई. परंतु ‘उत्तम व्यवस्थापन’ या शब्दांत एक फट होती. विरळणी, सफाई, वाळलेली झाडे काढणे हे सारे व्यवस्थापनच, असे म्हणता येत होते.

१९/ १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने समवर्ती सूचीत गेली आणि १९८० च्या वन संवर्धन अधिनियमाने वनजमीन अन्य कामाला वापरण्यापूर्वी केंद्राची संमती आवश्यक केली. पुढे तमिळनाडूतील गुडलूरच्या जंगलतोडीवरून टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात आली. १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने न्यायालयाने सांगितले की, ‘वन’ म्हणजे शब्दकोशातील अर्थाने वन, मालकी कोणाचीही असो. आणि केंद्राने मान्य केलेल्या कार्य आयोजनेवाचून देशातील कोणत्याही वनात तोड करायची नाही. ज्या सरकारने १८७८ मध्ये रयतेचा हात धरला होता, त्याचाच हात आता न्यायालयाने धरला.

२०/ याच प्रकरणात १४ फेब्रुवारी २००० रोजी आला तो आदेश आपल्या पडलेल्या सागाचे उत्तर आहे. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांमधून मेलेली, रोगट, मरणासन्न किंवा वाऱ्याने पडलेली झाडे, वाहून आलेले लाकूड आणि गवत काढण्याचे आदेश देण्यास न्यायालयाने राज्यांना मनाई केली. प्रथम या मनाईत सर्वसाधारण वनांचाही उल्लेख होता. त्याच महिन्यात दुरुस्ती होऊन ती उद्याने आणि अभयारण्ये यांपुरती ठेवण्यात आली.

२१/ मेलेल्या झाडासाठी एवढी कडक मनाई का? पहिले कारण व्यवहारी आहे. झाडाची साल बुंध्याभोवती गोलाकार सोलली की ते उभ्याउभ्या वाळते. मेलेले झाड काढायला मुभा असेल, तर जिवंत झाड मारण्याला मोल येते. दुसरे कारण निसर्गाचे. वाळक्या खोडातील ढोलीत घुबड, पोपट, धनेश घर करतात. सुतार पक्षी त्यातल्या अळ्यांवर जगतो. वाळवी आणि बुरशी त्याची माती करते आणि त्या मातीत नवे रोप उभे राहते. जंगलात मेलेले झाड वाया जात नाही. ते आगारात गेले तर जंगलापुरते वाया जाते.

२२/ हा वाद केवळ आपला नाही. पोलंडमधील बियावोव्येझा या युरोपातील अतिप्राचीन वनात स्प्रूस झाडांना सालीखालच्या भुंग्यांनी ग्रासले. रोग पसरू नये म्हणून तोड आवश्यक, असे पोलंड सरकारचे म्हणणे. १७ एप्रिल २०१८ रोजी युरोपीय न्यायालयाने ही तोड निसर्गसंरक्षणाच्या कायद्याचा भंग असल्याचा निर्णय दिला. आपल्या ‘उत्तम व्यवस्थापना’च्या फटीचेच हे युरोपीय रूप. कुऱ्हाड हाती असलेला प्रत्येक जण ती औषध म्हणून चालवत असल्याचे सांगतो.

२३/ आता गावकऱ्याकडे वळू. २००२ च्या दुरुस्तीने कलम २९ मध्ये ‘वनोपज’ हा शब्द स्पष्टपणे आला आणि वन्यजीव मंडळाशी सल्लामसलत आवश्यक झाली. त्याबरोबर एक परंतुक जोडले गेले: अभयारण्यातून वनोपज काढलाच, तर तो आत आणि भोवती राहणाऱ्या लोकांच्या खऱ्या वैयक्तिक गरजेसाठी वापरता येईल, व्यापारासाठी कदापि नाही. शब्द दिलासा देणारे आहेत. पण पडलेली झाडे काढण्यावरच न्यायालयीन मनाई असेल, तर चुलीपर्यंत पोहोचणार काय? कायद्याने उघडलेल्या दारापुढे आदेशाची भिंत उभी राहिली.

२४/ २००६ चा वनहक्क कायदा याच कोंडीवर बोट ठेवतो. त्याच्या उद्देशिकेतच वनवासी समाजावर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आहे. तो उद्याने आणि अभयारण्ये यांनाही लागू आहे. गौण वनोपजावर लोकांची मालकी तो मान्य करतो आणि बांबू त्या उपजात मोजतो. इमारती लाकूड मात्र त्यात नाही. २०११ मध्ये गडचिरोलीतील मेंढा (लेखा) ग्रामसभेला स्वतःच्या बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार मिळाला, हा त्याच कायद्याचा पराक्रम. म्हणजे बांबू गावाचा होऊ शकतो. साग अजूनही नाही.

२५/ हद्दीची रेघ किती निर्णायक असते, ते मुंबईत दिसले. आरे वसाहत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. मेट्रोच्या कारशेडसाठी तेथील झाडांचा प्रश्न आला तेव्हा वन्यजीव कायदा नव्हे, नागरी क्षेत्रांसाठीचा १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू होता. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती देईपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. पक्ष्याला हद्द कळत नाही. एका बाजूला मेलेले झाडही उचलता येत नाही, दुसऱ्या बाजूला जिवंत झाडे दोन-तीन दिवसांत जातात.

२६/ सारांश असा. १८७८ चा कायदा विचारतो: तोडणार कोण? त्याचे उत्तर: सरकार. १९७२ चा कायदा विचारतो: तोडावे का? त्याचे उत्तर: जंगलाच्या भल्यासाठी असेल तरच. २००० चा आदेश म्हणतो: तुमच्या ‘भल्या’वरही विश्वास नाही. २००६ चा कायदा विचारतो: जे तेथे राहतात, त्यांना विचारले का? यातला कोणताही कायदा आधीच्याला पूर्णपणे पुसून टाकत नाही. १९२७ चा अधिनियम आजही जिवंत आहे. त्यामुळे एकाच पडलेल्या सागावर चार काळांचे चार कायदे एकाच वेळी उभे असतात.

२७/ मला वाटते, प्रश्नाचे मर्म येथे आहे. संरक्षणाचा कायदा कडक असावा, याबद्दल दुष्काळी मराठवाड्यात राहणाऱ्याला शंका येऊ नये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, ते आम्ही विसरलेलो नाही. परंतु कडकपणाचा भार कोण उचलतो, हेही इतिहास विचारतो. लातूरच्या वाड्यातला सागवानी खांब कोणी जप्त केला नाही. किनवटच्या मोळीवालीची मोळी मात्र जप्त होऊ शकते. लाकूड ज्यांनी वापरले आणि शिक्षा ज्यांना झाली, ही माणसे बहुधा वेगवेगळी होती. जंगल वाचवायचे असेल, तर अभयारण्यालगतच्या चुलीला दुसरे इंधन पोहोचवणे हाही वनसंरक्षणाचाच भाग मानावा लागेल.

२८/ पडलेला साग तेथेच राहू द्यावा, हे आजच्या कायद्याचे उत्तर मला योग्य वाटते. त्या खोडावर वाळवी येईल, ढोलीत घुबड येईल, पावसाळ्यात अळंबी उगवेल. पण ज्या गावाला आपण ‘हात लावू नका’ असे सांगतो, त्या गावाशी बोलणे शासनाने टाळू नये. जीर्ण झाडासाठीसुद्धा धन्याला राजी करावे, ही ‘आज्ञापत्रा’तील रीत तीनशे वर्षांपूर्वीची आहे, ती जुनी झाली असे मानण्याचे कारण दिसत नाही.

आपल्या गावच्या परिसरात राखीव वन, गायरान किंवा देवराई असेल, तर तिची नोंद कोणत्या वर्गात आहे हे जाणत्यांना अवश्य विचारा आणि येथे लिहा. पुढील धागा: फसली सन म्हणजे काय आणि निजामी कागद वाचताना तारखा कशा लावाव्यात.